मामाच्या पिस्टनाच्या जोड्या

आमच्या मामसासऱ्याएवढा भेनारा माणूस आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाई, अन् हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्याच्या खालचा नंबर माझा आहे. मामसासरा म्हणजे माझ्या बायकोचा मामा, खामगावचा. आभाळात वीज चमकली की हा घरातले पितळेचे भांडे गोधडीखाली झाके. बाहेर जातानी कुलूप लावे, ओढून पाहे, चौकापर्यंत जाये अन् वापस येऊन पुन्हा ओढे. एक डाव तं एवढं ओढलं की कडीच उपटून हातात आली. मंग दिवसभर उघड्या दारापुढं खाट टाकून बसला. बोरं खाल्ले की बिया मांडून पाहे, एखादी पोटात राह्यली तं झाड उगन म्हणून. मी त्याले लय हासलो. घरी येऊन मंग आपलं पोट चाचपलं, कारण मी तं बोरं बियासगट गिळले होते.

असा माणूस मोटार घेईन असं कोणालेच वाटलं नव्हतं. तो बैलबाजारातला दलाल. दात पाहून, पाठीवरून हात फिरवून तो जे सांगे ते लोकं मानत. पण मामीले दमा होता. तिले बुलढाण्याच्या दवाखान्यात न्याची म्हटलं की एसटीतल्या बिड्यांच्या धुरानं ती बोथ्याच्या घाटातच काळीनिळी होये. म्हणून नवा महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या साली मामानं एका जिनिंगवाल्या शेठजीची इंग्रजाच्या काळातली मोटार घेतली. मोटार दिसाले राणी, पण इंजिन खपलेलं. धूर असा सोडे की त्याच्यापेक्षा बिड्या बऱ्या. मिस्तरीनं इंजिन खोललं अन् म्हणे, "मामू, सिलिंडर घिस गए. अंदर से छीलके बोर मारना पडेगा, पिस्टन नए डालना पडेगा, और हेड का भी सोचना पडेगा." मोटार चालवनारा मी, कारण घरात भेत भेत का होईना, गेर टाकता येनारा मी एकटाच. मले इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मान अशी हालवली की जसं काही ते मीच बनवलं.

मिस्तरीले अन् मले संगं नेऊन पार्टाच्या दुकानात मामानं बैल पाहावा तसे पिस्टन पाह्यले. पिस्टन म्हणजे जर्मनचा, अल्युमिनचा, उलटा पेला समजा. सिलिंडरच्या नळीत खालीवर धावते, अन् त्याच्याच जोरावर मोटार चालते. मामा एकेक उचले, हात फिरवे, टिचकी मारून कान लावे, अन् मंग काउंटरवर घरंगळत सोडे. "याची चाल वाकडी आहे," म्हणे.

दुकानदार म्हणे, "काका, पिस्टन आहे तो. नांगराले नाई जुपाचा."

"काऊन नाई? जुपाचाच आहे. जोडी नाई जमली तं जू मोडन."

मले वाटलं मिस्तरी आता हासन, तं तो लेकाचा म्हणते, "बात सही है. पहला-चौथा साथ उठता, दूसरा-तीसरा साथ. वजन सारखं पाह्यजे." झालं! मामानं तराजू मांगवला, दोन्ही पारड्यात एकेक पिस्टन, अन् काटा मधात उभा राह्यपर्यंत आख्खं दुकान खाली काढाले लावलं. भावाची वेळ आली तं बाजारातल्या सवयीनं खांद्यावरचा शेला दुकानदाराच्या हातावर टाकला अन् खालून त्याचे बोटं दाबाले लागला. बैलाचा भाव असाच होते, मुक्यामुक्यानं. दुकानदार ओरडला, "अहो काका, हात सोडा ना!" रस्त्यावरचे लोकं जमले. मी भेलो, अन् भेल्यावर मी जे करतो तेच केलं. बाहेर जाऊन दुसऱ्याच कोणाच्या संगं आल्यासारखा उभा राह्यलो.

राह्यलं हेड. हेड म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी झाकण. मिस्तरीपाशी दोन होते. एक घासून पातळ केलेलं, त्याच्यानं आतला दाब वाढते अन् मोटार घाटात बी पळते. दुसरं जाडजूड, मूळचं, त्याले जोर कमी. मी म्हटलं, "मामा, पळनारं घ्या!" मले खिडकीतून कोपर बाहेर काढून घाट चढाचा होता. मामानं कमरेची चुन्याची डबी काढली. दोन्ही हेडाले एकीकून चुना फासला, दुसरीकून घासलेट ओतलं, अन् चीर असन तं चुन्यावर काळी रेघ उमटन म्हणून डोळे फाडून बसला. रेघ कशावरच नाई. तरी त्यानं इचारलं, "मिस्तरी, यातलं घाटात धापन, दम टाकन, ते कोणतं?"

"घाट लंबा है मामू. पतला वाला गरम होगा. कभी हेड की प्याकिंग उड गई तो..." अन् मिस्तरीनं तोंडानं फक्त "फट्!" केलं.

मामाचा चेहरा त्या चुन्यासारखा झाला. मी मांगच्या मांग ऑइलच्या डब्यावर बसलो, तो उघडा होता.

"जोर नको मले," मामा म्हणे. "हळू चालन, पण धापनार नाई, असं द्या."

जाडं हेड बसलं, इंजिन जुळलं, अन् आम्ही मामीले घेऊन निंघालो. मामा-मामी मांगं, मी पुढं, अन् माझ्या कानात मिस्तरीचं ते फट्. घाट लागला तसा मी सगळ्यात खालच्या गेरात आलो. मांगून मामा म्हणे, "हळू, जवाई." एक बैलगाडी आमच्या बाजूनं पुढं गेली. गाडीवानानं इचारलं, "काय पाव्हनं, दोर बांधू का?" तरी मांगून, "हळू, जवाई." याच्याहून हळू गेलो असतो तं उलटे खामगावले पोचलो असतो.

एका उभ्या वळनावर मामा जोरात ओरडला, "थांबवा!"

मले वाटलं, आलं फट्. मी ब्रेक ओढला, दार उघडलं अन् थेट एका सागाच्या मांगं जाऊन, कानात बोटं घालून, डोळे मिटून बसलो. फट् काही होईना. बोटं काढले तं इंजिन आपलं शांत चालू, एक जोडी वर, एक जोडी खाली. डोकावून पाह्यलं. मामी पुढं वाकली होती, तिचे ओठ निळे झाले होते, अन् मामा तिच्या पाठीले कान लावून बसला होता. पिस्टनाले लावला होता तसाच. हा रस्ताभर हळू, हळू म्हणे तं मले वाटे इंजिनाले भेते. तो तं मामीच्या श्वासाले भेत होता. लहानपणापासून मी भेतच आलो, पण ते सारं खेळण्यातलं भेव होतं. खरं भेव मले त्या झाडामांगं भेटलं.

लय वेळानं मामीनं एक लांब श्वास ओढला. डोळे उघडून पह्यलं काय इचारावं? "जवाई कुठी गेले?"

"झाडामांगं," मामा म्हणे. "मोटारीचं पाणी पाहून राह्यले."

"पाणी मोटारीत असते का झाडामांगं?" असं म्हणून ती हासली, हासता हासता खोकलली, अन् मामा पुन्हा भेला. "या बसा," मले म्हणे, "इंजिन बंद नका करू. तो ठोका आयकून तिचा श्वास जाग्यावर येते." दवाखाना येईपर्यंत मी खिडकीतून कोपर बाहेर काढला नाई.

त्या इंजिनानं मामीले लय वर्षं घाट चढवला, न धापता. मंग मामी गेली, अन् मोटार छपरीत उभी राह्यली. तिच्यात आता कोंबड्या अंडे देतात. तरी मी खामगावले गेलो की मामा कोंबड्या हाकलते, मले पुढं बसवून इंजिन चालू कराले लावते, अन् आपण मांगं बसते, बाजूच्या गादीवर हात ठेवून. मोटार जागची हालत नाई, तरी थोड्या वेळानं मांगून आवाज येते, "हळू, जवाई." मी हो म्हणतो अन् ब्रेकावर पाय ठेवतो. माझं पोटातल्या बियांचं, फट्चं भेव आता गेलं. एकच राह्यलं आहे. एखाद दिवशी इंजिन चालू करीन, अन् मांगून काहीच आयकू येनार नाई.