साइडपट्टी

आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर माझा बिल्ला टांगलेला आहे. पंचवीस वर्षं बस चालवली आणि एकही अपघात केला नाही, म्हणून डेपोत मिळालेला. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडावी अशी जागा मीच शोधून काढली होती. महिनाभर झाला, त्याच्यावर धूळ साचली आहे.

सोलापूर जिल्ह्यातले रस्ते मला तोंडपाठ. इकडं अक्कलकोट, मैंदर्गी, तिकडं पार नातेपुत्यापर्यंत. पूर्वी यातले बरेच रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे. समोरून ट्रक आला की आम्ही ड्रायव्हर मंडळी थांबत नसू. डावीकडची चाकं डांबरावरून खाली साइडपट्टीवर उतरवायची, समोरच्याला वाट द्यायची आणि तशाच वेगात पुन्हा वर यायचं. आमच्याकडची साइडपट्टी म्हणजे मुरूम, उन्हानं भाजून दगड झालेला. तिथं जो थांबेल तो नवशिका, असा आमचा हिशेब. ही सवय हातात इतकी मुरली होती की वाट द्यायला डोकं लागतच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मुलानं आम्हा दोघांना अंदमानला पाठवलं. बायकोनं तोवर समुद्र पाहिला नव्हता. मी सगळ्या जिल्ह्याला फिरवलं, पण तिला माहेरापलीकडं कुठं नेलं नाही. ती हे कधी बोलून दाखवायची नाही. निघायच्या आधी एवढंच म्हणाली, "मला पान्यात पाय घालून उभं राहायचं हाय. बाकी काय बी न्हाय बघितलं तरी चालंल."

बोटीनं एका लहान बेटावर उतरलो. किनारा बेटाच्या दुसऱ्या अंगाला होता. तिथं जायला बस होती, रिक्षाही होत्या. बायको सरळ बसथांब्याकडं निघाली. मला हसू आलं. जन्मभर बस चालवलेला माणूस सुट्टीत दुसऱ्याच्या बसमध्ये बसणार? मी धक्क्याजवळच्या एका दुकानातून भाड्यानं स्कूटर घेतली.

दुकानातली बाई आमच्याच वयाची होती. हिंदीत एकेक गोष्ट नीट समजावून सांगत होती. दोघांनी हेल्मेट घाला. पाऊस नसला तरी झाडांखालचा रस्ता ओला असतो, वळणावर हळू घ्या. आणि समोरून गाडी आली तर थांबा. डांबर सोडून खाली उतरू नका, कडेला शेवाळ आणि कुजलेला पाला आहे. शेवटची गोष्ट तिनं दोनदा सांगितली. मी आपला ब्रेक दाबून बघत होतो. "बहनजी, पच्चीस साल बस चलाया है," मी म्हणालो. तिनं माझा नाद सोडला आणि बायकोकडं वळून तेच तिसऱ्यांदा सांगितलं.

बायकोनं पदरावरून हेल्मेट घातलं आणि घरच्यासारखी एका बाजूला पाय सोडून मागं बसली. माझं हेल्मेट मी पायाशी ठेवलं. इतका शहाणा होतो मी.

रस्ता सुरेख होता. दोन्ही बाजूंना सुपारीची आणि नारळाची झाडं, मधून सावलीचा गारवा. "किती हिरवं हाय हो! डोळं निवलं," ती मागून म्हणाली. इतक्या मोकळेपणानं बोललेली मी तिला फार वर्षांत ऐकली नव्हती. मी खूश होतो, आणि खुशीत वेग वाढवला होता.

एका उतारावर, वळणापुढं, समोरून जीप आली. बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, थांबा की. त्या बाईनं सांगितलंय न्हवं?"

मी ऐकलं. ऐकलं नाही असं पुढं कितीतरी दिवस स्वतःशी म्हणत राहिलो, पण मी ऐकलं होतं. "गप बस, मला शिकवू नको," म्हणालो आणि नेहमीच्या हातानं हँडल डावीकडं वळवून डांबर सोडलं.

खाली मुरूम नव्हता. चाक पाल्यावरून सरळ सरकलं आणि आम्ही दोघं आडवे झालो. माझं ढोपर सोलवटलं. ती उजव्या हातावर पडली होती, डोक्यातल्या हेल्मेटला एका बाजूनं मोठा ओरखडा गेला होता. जीपवाल्यांनी आम्हाला उचलून दवाखान्यात नेलं. वाटेत समुद्राचा आवाज येत होता. झाडांच्या मागंच कुठंतरी किनारा होता.

मनगट मोडलं होतं. डॉक्टरनं कसं झालं ते विचारलं. ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "ही मागं हलली. तोल गेला गाडीचा."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मुलाला फोन केला तेव्हाही मी तेच सांगितलं. सोलापुरात भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच. लोक आधी बिल्ल्याकडं बघायचे, मग तिच्या प्लास्टरकडं, आणि म्हणायचे, वहिनी, मागं बसायचं म्हणजे गच्च बसावं लागतं. ती म्हणायची, "व्हय, माजंच चुकलं." मला वाटायचं, माझी लाज राखतेय. बरं वाटायचं, हे लिहितानाही शरम वाटते.

हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. तिला भाकरी थापता येईना. तिच्या कडक भाकऱ्या नातेवाईक मागून न्यायचे. आता सून करते, चांगल्या करते. बायको बाजूला बसून पीठ चाळून देते. आणि ती पुन्हा कुणाच्या गाडीवर मागं बसली नाही. भीती बसली, असं आम्ही सगळे म्हणायचो.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत एक बारसं होतं. सून म्हणाली, चला आई, स्कूटीवर सोडते. बायको म्हणाली, "नगं गं बाई. मला मागं बसाय येत न्हाय. मी हलते. तुला पाडंन एकादबारी."

हे बोलताना माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं. माझी लाज राखायला ती बोलत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. पंचवीस वर्षं अपघात न केलेला माणूस म्हणतो हलली, म्हणजे हललीच असणार.

सून गेल्यावर मी तिच्यासमोर जाऊन बसलो. ती डाव्या हातानं शेंगा फोडत होती. "तू हलली नव्हतीस," मी म्हणालो. "मी डांबर सोडलं. तू थांबा म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

तिचा हात थांबला. "पण मी तुमच्या खांद्याला हात लावला हुता की."

"त्यानं काही झालं नाही."

तिनं आधी मनगटाकडं बघितलं. मग टीव्हीच्या वर बघितलं.

"रोज सकाळी पुसत हुते मी त्याला," ती म्हणाली. "पुसताना रोज वाटायचं, माज्यामुळं ह्यास्नी डाग लागला."