बिघडली तेव्हाच आणायची

मी देवीशी अबोला धरला होता, हे आधीच कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी पत्नी आजारपणात गेली. ती बरी व्हावी म्हणून औंधच्या यमाईला, आमच्या कुलदेवतेला, मी हात जोडून साकडं घातलं होतं. ती गेल्यावर मी औंधची वाटच सोडली. आई विचारायची, "कवा जायाचं रं?" मी म्हणायचो, "मन शांत झालं की जाऊ." मन काही शांत होईना, आणि तिकडे आईचं हृदय थकत चाललं.

यंदा ऐन वैशाखात तिने हट्टच धरला. "पुढच्या वर्साला मी हाय का न्हाई, कुणी बघितलंय?" डॉक्टरांनी तिला उन्हापासून जपायला सांगितलेलं, आणि माझ्या गाडीचा एसी लहरी. तासभर गार हवा, मग एकाएकी गरम, पुन्हा आपोआप गार. सांगलीतल्या मेकॅनिकपुढे नेली की गाडीत महाबळेश्वर अवतरायचं. "सर, तुम्हाला भास होतोय," तो म्हणायचा. तरीही निघालो. आईला देवळात सोडायचं आणि आपण बाहेर गाडीपाशी थांबायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

विटा मागे पडलं आणि गरम हवा सुरू झाली. काचा उघडल्या तर बाहेरून झळा. एरवी वाटभर बोलणारी आई गप्प झाली, ओठ सुकले, हात छातीवर गेला. मी घाबरलो. देवीचं नाव ओठांवर आलं आणि मी ते गिळलं, एवढा माझा ताठा.

पुढे लिंबाच्या झाडाखाली एक गॅरेज दिसलं. कुलूप होतं. आईला सावलीत टेकवतोय, तोवर मोटारसायकलवरून पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ आले. गॅरेज त्यांचंच, घर त्याच्या मागेच. फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. भाच्याच्या लग्नाला निघाले होते, पण फेटा घरी विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले होते. त्यांनी आधी आईला आत बाजेवर निजवलं, पंखा लावला, ओला पंचा कपाळावर ठेवला, घोटघोट पाणी पाजलं. तिचा श्वास सावकाश झाला, औंधला देवीला निघालोय असं तिने सांगितलं, तेव्हा कुठे ते गाडीकडे वळले.

गडबडीत चालूच राहिलेलं इंजिन मी सवयीने बंद करायला गेलो आणि म्हणालो, "जरा निवू द्या, मग बघा."

"आवं, बंद करू नका. बिघडली तवाच आणायची. निवल्यावर दाखवली तर आमाला काय दिसणार?"

त्यांनी बॉनेट उघडलं. एसीच्या कॉम्प्रेसरचं पट्ट्यावरचं चाक फिरत होतं, पण त्यापुढची चकती जागची हलत नव्हती. त्यांनी लाकडी दांडक्याने ती हलकेच ढकलली, तशी ती खट्‌कन चाकाला चिकटली आणि फिरू लागली. झिजून चाक आणि चकतीमधली फट वाढली होती, त्यामुळे तापल्यावर पकड सुटायची. मग इंजिन बंद करून त्यांनी आतला एक पातळ वायसर काढला आणि फट कमी केली. पांढऱ्या सदऱ्याला ग्रीस लागलं.

"तुमचं लग्न चुकलं की," मी ओशाळून म्हणालो.

"अक्षता काय, कुणीबी टाकंल," म्हणत त्यांनी फेटा बांधला. "देवीला माझा नमस्कार तेवढा सांगा."

आता आली का पंचाईत. नमस्कार पोचवायचा तर आत जाणं भाग होतं.

आईचा हात धरून गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. आधी त्यांचा नमस्कार सांगितला. मग दोन वर्षं कोंडलेलं बाहेर पडलं. "तू तिला वाचवलं नाहीस. मला तुझा राग आलाय." एवढं बोललो आणि रडलो. आईने हात सोडला नाही. उत्तर मिळालं नाही, पण आपलं कुणीतरी पुरतं ऐकून घेतलंय, असं वाटलं. त्या गृहस्थांचा फेटा कुणी विसरायला लावला, हे मी ठरवत बसत नाही. ते परत आले, आई वाचली. मी जन्मभर ऋणी आहे.

परतताना सांगलीपर्यंत गार हवा होती. "जरा कमी कर रं, थंडी वाजतीया," आई म्हणाली.

माझं मन अजूनही मधूनच बिघडतं. आता ते ताळ्यावर यायची वाट बघत नाही. तसाच उठतो आणि औंधला जातो.