टेलरकाकांची भाऊबीज

वर्षभर दुकानाची पायरी न सोडणारा माणूस नेमका भाऊबीजेला गावातून गायब व्हायचा. आमच्या सांगवीचे टेलरकाका. पहिल्या एसटीनं इंदापूरला. कशाला, तर बटणं आणायला! पारावरचे विचारायचे, "काय टेलर, भाऊबीजेला कुठलं दुकान उघडं असतंय?" एसटीत पाय ठेवता ठेवता काका सांगायचे, "वळखीचं हाय." संध्याकाळी हात हलवत परत.

आईला भाऊ नव्हता. ती चंद्राला ओवाळायची. मी लहानपणी म्हणायची, "समोरच तर टेलरकाका हायत, त्यास्नी ओवाळ की." आई ताट सारखं करत म्हणायची, "चंद्रच बरा. बटणं आणाय जात न्हाय."

ही आई मला जन्म देणारी नव्हे बरं का. ती ऐन विशीत विधवा झाली, तेव्हा थोरल्या दिरानं आपली तिसरी मुलगी, म्हणजे मी, तिच्या ओटीत घातली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही.

काकांचा बायकांना एकच प्रश्न असायचा. "मापाचं झंपर आणलंय?" नसलं की परत पाठवणी. जुन्या झंपराशिवाय ते कात्री उचलत नसत. आईकडून मात्र नुसतं कापड जायचं आणि झंपर अंगात अगदी बरोबर बसायचं. मला वाटायचं, शेजारधर्म असेल.

माझं लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर आणायला आणि तिच्यामागं उभं राहायला मामा हवा. मी हक्कानं दुकानात गेले. "काका, माझं मामा तुमीच."

मशीनचं पायडल थांबलं. "पोरी, लग्नाचं झंपर शिवतो. मांडव शीव म्हण, त्यो बी शिवतो. पर मामा न्हाय व्हायचा मी."

मी रडत घरी आले. आई अक्षतांचे तांदूळ निवडत होती. म्हटलं, "दत्तक पोरीला कुणी आपलं म्हणत नाही, आज कळलं मला."

"गप," आई म्हणाली. "तुझा मामा झाला तर माझा भाऊ झाला की. त्यानं मला बहीण कधी मानली न्हाय." सुपातली नजर तिनं वर केली नाही. "मागणी घातली हुती त्यानं. दीर म्हणालं, दुसरं लगीन केलंस तर पोरगी परत न्हेतो. मग मी तुला ठिवलं."

"आणि काका?"

"म्हणाला, बरोबर केलंस. दुसऱ्या दिवशी तुझा फ्रॉक शिवून आणला."

काकांनी लग्न केलं नाही. माझ्या बाळंतपणाची दुपटी, पोरांची अंगडी, सगळं त्याच मशीनवर झालं. आमच्यात त्या दिवसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी श्रावणात आई गेली. भाऊबीजेला मी सांगवीला गेले, तर दुकान उघडं. "काका, बटणं?" काका सुईत दोरा ओवत राहिले. नेढं काही सापडेना. "आता कुणाला चुकवायचं?" एवढंच म्हणाले.

यंदा मी एक दिवस आधीच ताट घेऊन गेले. निरांजन बघून काका धडपडत उठले. "आज भाऊबीज हाय व्हय?"

"न्हाय. पाडवा हाय. लेक बापाला ओवाळती आज."

काका स्टुलावर बसले. टोपी कुठं सापडेना. शेवटी मशीनवरचं कुणाचंतरी अर्धं शिवलेलं झंपर त्यांनी डोक्यावर घेतलं आणि मान माझ्यापुढं वाकवली.