पट्टा मायच्या हातात

योगराज लंजेला राग यायला कारण लागत नसे. गोंदियालगतच्या फुलचूरला तो राहायचा, तिथल्या चौकात कोणी जास्तीचा हॉर्न वाजवला तरी त्याचं डोकं फिरायचं. मिसरूड फुटल्यापासून ट्रकवर, गोंदियाच्या राइस मिलचा तांदूळ भरायचा अन् रायपूरला नेऊन टाकायचा, हेच आयुष्य. आवाज तर असा की, गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकातला खलनायक दरवर्षी त्यालाच मिळे, अन् माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नसे.

अशा माणसाच्या मनगटावर ट्रान्सपोर्टवाल्यांनी पट्टा बांधला. काळा, रबरी, घड्याळासारखा. पण वेळ दाखवत नाही. नाडी मोजतो, झोप मोजतो. स्टिअरिंगवर डुलकी लागली की थरथरतो अन् तिकडे ऑफिसात चुगली करतो. बरं, गाडीवरून उतरलं की काढून ठेवावा, तर तेही नाही. घरी बायकोशेजारी झोपतानाही तो हातात हवाच. झोप कमी भरली तर दुसऱ्या दिवशी गाडी मिळणार नाही. आता सांगा, असल्या वस्तूवर कोण प्रेम करील?

योगराज त्याला बेडीच म्हणायचा. ही बेडी सांभाळायला हिमांशू नावाचा पोरगा ऑफिसात आणून बसवला होता. शहरातला, तोंडात हिंदी, आवाज कधी चढायचा नाही. योगराजला त्याचाच जास्त संताप. एकदा गल्लीतल्या लग्नाच्या डीजेपायी योगराजची झोप मोडली, तर सकाळी हिमांशूनं त्याची गाडी गुलाब मेश्रामला देऊन टाकली. तेव्हा योगराज भर ऑफिसात ओरडला होता, "माझी झोप कायले मोजतं बे तू? माझी बायको मोजत नाही!" आमच्या पणज्यानं गावचं तळं बांधलं ते मनगटातल्या दमावर, पट्टा बांधून नाही, असंही त्यानं ऐकवलं. सगळे ड्रायव्हर खदाखदा हसले. हिमांशू लाल झाला, पण गाडी काही परत दिली नाही.

दिवाळी झाली अन् मंडया लागल्या. योगराजसारखा अर्जुनी मोरगावकडचा माणूस एक वेळ नोकरी सोडील, पण गावची मंडई सोडणार नाही. लेकीबाळी येतात, सोयरेधायरे येतात, अन् जेवणं आटोपली की नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. योगराजची खेप नेमकी दुसऱ्या दिवशी होती. त्यानं सुटी मागितली. हिमांशू म्हणाला, घ्या ना, पण हंगाम आहे, गाडी दुसऱ्याला जाईल अन् हंगाम संपेस्तोवर त्याच्याकडेच राहील. म्हणजे सुटी घे अन् घरी बस.

मग योगराजनं आपल्या डोक्यानं तोड काढली. त्याची माय कलाबाई दिवेलागणीलाच आडवी व्हायची. नाटकाचं तिला वेड नव्हतं. मंडईसाठी सारं घर फुलचूरहून गावी आलं होतं. तिथल्या घरी त्यानं स्वतःच्या हातचा पट्टा सोडला अन् मायच्या हाडकुळ्या मनगटाला कसून बांधला. पट्ट्याची चुगली फोनवाटेच ऑफिसात जायची, म्हणून आपला फोनही तिच्या उशाशी ठेवला. माय विचारू लागली, हे काय बांधून राहिला? तो म्हणाला, काही नाही, लय खोटारडी वस्तू आहे, तिला खोट्यानंच मारायचं. बायको पुष्पांजली दारात उभी राहून पाहत होती. तिला ते पटलं नव्हतं, पण मंडईच्या दिवशी नवऱ्याशी तोंड कोण लावील?

नाटक काय रंगलं म्हणता! योगराजनं असा खलनायक केला की बायका त्याला बसल्या जागेवरून शिव्या देत होत्या. सकाळी तो पट्टा सोडायला गेला तर माय म्हणाली, रात्री दोनदा जीव घाबरा होऊन जाग आली बाबा. पट्ट्याची सवय नाही, म्हणून झालं असेल, असं सांगून योगराज मोकळा झाला.

ऑफिसात हिमांशू वाटच पाहत होता. झोप पुरी भरली होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण हृदयाचे ठोके झोपेत वेडेवाकडे पडले होते, मध्येच धावले होते, मध्येच अडखळले होते. मालकाचा नियम होता, असल्या माणसाला गाडी द्यायची नाही. डॉक्टरकडे जा, तपासून या, तोवर चावी इथं ठेवा.

योगराजचा भडका उडाला. हा पोरगा डीजेच्या दिवसाचा सूड उगवतो आहे, याबद्दल त्याला तिळभर शंका राहिली नाही. पट्टा आपल्या हातात नव्हताच, ही गोष्ट त्या रागाच्या धुरात त्याला दिसलीच नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं, यंत्र खोटं आहे, हे सगळ्यांसमोर सिद्ध करायचं. तो तडक गोंदियातल्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, तपासलं. हृदय बैलासारखं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले की, असा दोष कधीकधी रात्रीच येतो अन् दिवसा लपतो, तर त्या रात्रीचं जे काही असेल ते आणून दाखवा. योगराजनं ऐकून घेतलं अन् सोडून दिलं. त्याच्या मतलबाचं त्याला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो कागद मालकासमोर आपटला. मोठी मजा झाली. मालकानं हिमांशूची सगळ्यांसमोर हजामत केली, योगराजला चावी परत दिली, अन् हे पट्टे निकामी दिसतात, काढून टाका, असा हुकूम सोडला. ड्रायव्हरांनी पट्टे काढून टेबलावर फेकले. गुलाबनं योगराजला मिठीच मारली. हिमांशू मान खाली घालून म्हणाला की, संध्याकाळपर्यंत सगळं मशीनमधून पुसून टाकतो.

योगराज जेवायला घरी आला तो छाती फुगवून. ताटावर बसून त्यानं सगळी हकिकत नाटकासारखी करून दाखवली. पुष्पांजली भात वाढता वाढता थांबली. "पण त्या रात्री पट्टा तं मायच्या हातात होता," ती म्हणाली.

योगराजनं मान वळवली. मागच्या खोलीत कालच गावावरून परतलेली माय लाखोळीची डाळ निवडत होती अन् सूप खाली ठेवून ठेवून दम खात होती. भीती म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी कळलं. हात न धुताच तो उठला.

ऑफिसात ड्रायव्हर अजून चहा पीत, हिमांशूची टर उडवत बसले होते. योगराज सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला अन् म्हणाला, ती रात्र पुसू नको, मले फोनवर पाठव. हिमांशूनं वरही पाहिलं नाही. "क्यों भैया? झूठी है ना वो तो," तो म्हणाला.

हिमांशूचा हात कीबोर्डवरच होता. योगराजनं एकदा मागं वळून पाहिलं. सगळे ऐकत होते.

"खोटी नाही," तो म्हणाला. "पट्टा मायच्या हातात बांधला होता. मी नाटकात होतो."

हिमांशूनं ती रात्र त्याच्या फोनवर पाठवली, अन् मग शांतपणे हात पुढे करून चावी मागितली. त्याला आनंद झाला होता, तो त्यानं लपवलाही नाही. मालकाला फोन गेला, टेबलावरचे पट्टे ज्याच्या त्याच्यापुढे सरकवले गेले. गुलाबनं आपला उचलला, मनगटाला लावला, अन् योगराजच्या पायाशी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून म्हणाला, "तुझ्या नाटकापायी आमी सारे खोटे पडलो." योगराजला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. पण गुलाबचं खोटं नव्हतं, अन् वेळही नव्हता.

डॉक्टरांनी फोनमधल्या ठोक्यांच्या रेषा पाहिल्या, चष्मा काढला अन् आजच्या आज नागपूरला न्या म्हणाले. पुष्पांजलीनं पिशवी भरली, दारात गाडी आली. पण माय सूप सोडायला तयार नाही.

"कायले नागपूर?" ती म्हणाली. "सकाळी थोडं अंग जड होते, दुपारी ठीक होते. त्या पट्ट्याचं काय ऐकून राहिला? तूच तं सांगितलं, खोटारडा आहे म्हणून. साऱ्या गल्लीले सांगत फिरला."

योगराज तिच्यासमोर जमिनीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज शेजारच्या खोलीतही गेला नाही.

"पट्टा खोटं बोलला नाही, माय. मी बोललो."

मायनं त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. हातातली डाळ सुपात टाकली अन् उठायला हात पुढे केला.