आई पेपरात काय म्हणाली

थोरला भाऊ ब्रह्मदेशातल्या लढाईत गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. पडलेल्या शिपायांच्या आठवणीला नगरात मोठी सभा भरली. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावातून आम्हा मायलेकींना लष्करी ट्रकातून नेलं. मंडपात साहेबानं आईच्या हातावर लुगडं ठेवलं. आईनं ते तिथंच टाकलं आणि ऊर बडवून ओरडली, "आरं, माजं लेकरू जाळलं का पुरलं, तेवडं तरी सांगा!" दोन बायकांनी तिला धरून बाहेर आणलं. मी तिचा पदर धरून होते. वहीवाला बातमीदार चार हातांवर उभा होता, त्यानं सगळं पाहिलं.

आठ दिवसांनी पेपर आला. बातमी माझ्या आईची, म्हणून मास्तरांनी चावडीवर मलाच वाचायला उभं केलं. आई रानात खुरपायला गेलेली. छापलं होतं, 'वीरमातेच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता. अभिमानाने ती म्हणाली, धाकटाही देईन.' धादांत खोटं! मला ते ठाऊक होतं. पण सगळं गाव कौतुकानं बघत होतं, आणि मी मेली खणखणीत आवाजात वाचत सुटले.

दोघा भावांतला धाकटा तेव्हा अठराचा. आईनं त्याचे पाय धरले. "मी आसं कदी म्हनलेच न्हाई रं!"

"पेपरात आलंय, आई. समद्या गावानं ऐकलंय. आता घरी बसलो तर लोक तोंडात शेण घालतील."

चौथ्या दिवशी तो भरती झाला. आई मला एका शब्दानं बोलली नाही. चार रट्टे दिले असते तर बरं वाटलं असतं.

वर्षाच्या आत त्याचीही तार आली. पुन्हा सभा, पुन्हा लुगडं. या खेपेला आई गेलीच नाही, चुलीपुढं बसून राहिली. तरी पेपरात वीरमाता मंचावर ताठ मानेनं उभी! मढं बशिवलं त्या लिहिणाऱ्याचं.

आईनं तो पेपर माझ्या मांडीवर टाकला. "वाच. आता काय म्हनले मी?"

मी ओळींवरून बोट फिरवलं. म्हटलं, "ह्यात लिहिलंय, आई लई रडली. दोन्ही लेकरं परत मागत हुती."

आईला अक्षर कळत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "तवाच आसं वाचलं आसतंस, बाई."