पेरलेले तारे

आमच्या ताईंच्या नजरेत काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दोष माझ्यात होता.

वेधशाळेच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत त्या अकरा वर्षं कंत्राटावर बसल्या. अवरक्त प्रकाशात टिपलेले आकाशाचे फोटो पडद्यावर सरकवायचे आणि आकाशगंगेच्या धुळीआड ताऱ्यांचा एखादा नवा गुच्छ दडलाय का, ते बघायचं. साध्या फोटोत ती धूळ आड येते, यात येत नाही. ताई अगदी डोळ्यांत तेल घालून बघायच्या. ‘ताई, पसंत पडलं का एखादं स्थळ?’ असं आम्ही चिडवायचो. ‘पडलं तर तुम्हाला कशाला सांगू?’ म्हणायच्या.

नवा गुच्छ सापडला की शोधनिबंधात नाव, आणि नाव आलं की नोकरी कायम, असा साहेबांनी शब्द दिला होता. ताईंचं कंत्राट त्या मार्चअखेर संपत होतं. लेक अजून शिकत होती.

तपासणारे झोपा तर काढत नाहीत ना, हे कळावं म्हणून फोटोंत काही खोटे गुच्छ पेरलेले असत. पेरायचं काम माझं, यादीही माझ्याकडेच. फेब्रुवारीत ताई एक प्रिंट घेऊन वर आल्या.

‘हा तुमचा वाटत नाही. जरा यादीत बघता का?’

जेवायची वेळ झाली होती. यादी उघडायचा मला कंटाळा आला.

‘माझाच आहे तो,’ मी म्हणालो. ‘बरोबर पकडलात.’

त्या प्रिंटची घडी घालून खाली गेल्या. पुढच्याच आठवड्यात चष्म्याचा नंबर तपासून आल्या. मार्चअखेर कंत्राट संपलं, त्या घरी गेल्या.

दीड वर्षाने दुसऱ्या एका संस्थेने तोच गुच्छ जाहीर केला. तेव्हा कुठे मी यादी उघडली. त्यात तो नव्हता. ‘आकाशाचा हा पट्टा आपल्याकडे कोणी तपासला होता?’ साहेबांनी बैठकीत विचारलं. मी ब्र काढला नाही. माझ्यासारखा नालायक मीच.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आता त्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारतात.

‘पेपरात फोटो आलाय. मी दाखवला होता, तोच ना हा?’

‘नाही ताई. हा वेगळा.’

‘असं होय,’ त्या म्हणाल्या. ‘बरं झालं विचारलं. मी उगाच लेकीला सांगत बसले होते, हा माझा आहे म्हणून.’