नळीचं सोवळं

बारा वर्षांनी भरणाऱ्या महामखाच्या मेळ्याला वर्ष उलटून गेलं होतं. एका सकाळी डॉक्टर चंद्रमौलींनी अंबाबाईंना आपल्या खोलीत बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं, "सिस्टर, यापुढे घटसर्पाची मुलं तंजावरला पाठवायची. इथं गळ्याला छेद द्यायचा नाही."

त्या वर्षात कुंभकोणमच्या त्या लहानशा धर्मादाय इस्पितळात तीन मुलांच्या गळ्यात नळी बसवली होती. तिन्ही वेळा डॉक्टरांचा हात अचूक चालला होता. निळी पडलेली मुलं श्वास घेऊ लागली, आया हसल्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप चढून छाती घरघरायला लागली. तिन्ही मुलं फुप्फुसं भरून गेली. पण तंजावर पंचवीस मैलांवर होतं आणि गुदमरणारं मूल तेवढं थांबत नाही, हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं.

"मला चार शिकाऊ मुली द्या, सर, आणि एक रोगी," अंबाबाई म्हणाल्या. "छातीत घाण आपल्याच हातांनी जाते. मी शिकवते त्यांना."

"एकच रोगी. हाही गेला तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अंबाबाईंच्या घराण्यात कोणी तरी कधी काळी तंजावरच्या दरबारात मोडी कागद लिहीत असे. त्या अभिमानाखेरीज घरात आता फारसं काही उरलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, आणि भाऊ सुंदरराव नको नको म्हणत असताना त्या मद्रासला जाऊन नर्स होऊन आल्या. त्याला चौदा वर्षं झाली. तरी सुंदरराव अजून टोमणा मारत, "आली का गे, गावाची थुंकी पुसून?" त्या हसून विहिरीवर जात, डोक्यावरून न्हात, ओलेत्यानं सोवळ्याचं पातळ नेसत आणि भावाच्याच भाताला आधण ठेवत.

मुलींना शिकवताना त्यांना ते घरचंच सुचलं. चारही मुली कर्मठ घरांतल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालायचं म्हटलं की शहारत. पेल्याला ओठ न लावता पाणी पिणाऱ्या त्या मुली!

"तोंड उष्टं," अंबाबाई म्हणाल्या, "आणि श्वासाची वाट सोवळी. उष्टी पळी तुम्ही आमटीच्या भांड्यात बुडवाल का?"

"शिव शिव!" मुली एका सुरात म्हणाल्या.

"मग तोंडातली लाळ ओढायची रबरी नळी वेगळी, गळ्यातली वेगळी. आणि तोंड उष्टं म्हणून तसंच टाकायचं नाही. तिथली घाण खाली उतरते. दर चार तासांनी पुसायचं. उशाकडची बाजू उंच, दोन तासांनी कूस बदल, आणि हात साबणानं धुतल्याखेरीज गळ्याजवळ जायचं नाही."

सगळ्यांत लवकर शिकली ती कृष्णवेणी. माध्व ब्राह्मणांच्या घरातली, अठरा वर्षांची, शब्दाला शब्द धरून चालणारी. तिच्याशी अंबाबाई घरच्या मराठीत बोलत, बाकीच्यांशी तमिळमध्ये.

दहा दिवसांनी आडुतुरै गावाहून मंगलाला आणलं. सात वर्षांची, मान सुजलेली, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाणारी. डॉक्टरांनी नळी बसवली, घटसर्पावरचं प्रतिविष टोचलं आणि जाताना अंबाबाईंकडे फक्त एकदा पाहिलं.

दोन दिवस चांगले गेले. मंगलाला आवाज काढता येत नव्हता, पण तोंड पुसायला कोणी आलं की ती डोळे असे वटारायची की मुलींना हसू आवरत नसे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं अंग तापलं. शंभरावर. नळीतून येणारा कफ पिवळट झाला होता. डॉक्टरांनी छाती तपासली, पेनिसिलिन लिहून दिलं आणि निघून गेले.

अंबाबाई घरी गेल्या नाहीत. पलंगाशेजारी स्टूल ओढून त्या नुसत्या मुलींचे हात बघत बसल्या. कृष्णवेणीनं हात धुतले, कफ ओढायच्या नळ्या पुरती वीस मिनिटं उकळल्या, चिमट्यानं बाहेर काढल्या. एवढं सगळं चोख. मग तिनं एका डब्यातून तांबूस रेशमी तुकडा काढला, नळ्या त्यात हळुवार टिपल्या आणि गुंडाळून ठेवल्या.

"हें काय गे?"

"मुकटा, अक्का. अम्माच्या जुन्या मुकट्याचा तुकडा." तिचा चेहरा उजळला होता. "सुती फडक्याला कोणी शिवलें तर सोवळें मोडतें. रेशमाला विटाळ नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि धुतलास कधी?"

कृष्णवेणी गोंधळली. "मुकटा कोण धुतो, अक्का?"

अंबाबाईंच्या तोंडून रागाचा शब्द निघाला नाही. त्यांचा स्वतःचा मुकटा वर्षानुवर्षं पेटीत तसाच होता. मुलीनं ऐकलं होतं अगदी त्यांचंच. त्यांनीच अर्धं सांगितलं होतं.

"घरचें सोवळें देवाला चालतें," त्या हळू म्हणाल्या. "जंतूंना रेशीम कळत नाही, गे. इथें आगींतून निघालें तेवढेंच सोवळें. चिमटाही उकळलेला, झाकणाची थाळीही उकळलेली. दुसऱ्या कशाला लागलें की मोडलें, मग तें रेशीम असो की माझा हात."

कृष्णवेणी रडायला लागली. "माझ्यामुळें—"

"मागून रड. आधी नळ्या पुन्हा उकळ."

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "कोणाची चूक?"

"माझ्या शिकवण्याची," अंबाबाई म्हणाल्या, आणि मुकट्याची सगळी हकीगत सांगितली. डॉक्टरांची आईही रेशमाचंच सोवळं नेसत असे.

पुढचे दोन दिवस चौघी मुली आळीपाळीनं मंगलाची कूस बदलत राहिल्या, पाठीवर थापट्या मारून कफ सोडवत राहिल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढून छेदावर गॉज दाबलं आणि म्हणाले, "बोल काही तरी."

मंगला घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्या अक्काला सांगा, माझें तोंड मी धुईन."

तिची आई हसता हसता खाली बसली. अंबाबाई चादर नीट करायचं निमित्त करून वळल्या.

आठवड्याभरानं तिरुप्पनंदाळकडून एक बैलगाडी इस्पितळाच्या आवारात शिरली. गाडीतल्या पोराचा श्वास ओसरीपर्यंत ऐकू येत होता. डॉक्टर बाह्या सरसावत बाहेर आले. तंजावरचं नाव कोणी काढलं नाही.

"सिस्टर," त्यांनी विचारलं, "आज कृष्णवेणी कामावर आहे ना?"